कोरड्या विहिरीचा खर्च कोणाचा?

जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज काढण्यासाठी सरकारने पैसा घालावा असे कोणी म्हटले की एक उत्तर तयारच असते. त्यात खरोखर नफा असता तर खासगी कंपन्या केव्हाच यंत्रे घेऊन पोचल्या असत्या. त्या येत नाहीत, म्हणजे धंदा आतबट्ट्याचा. मग करदात्याचा पैसा तिथे का पुरायचा? वर लडाखच्या पुगा खोऱ्याचा दाखला देतात: पन्नास वर्षे झाली, ग्रिडला एक युनिट मिळाले नाही, आणि सौर वीज तर दोन-अडीच रुपयांना मिळते.

पूर्वपक्ष मांडायचा तर सबळ मांडावा, म्हणून त्यात एक भर मीच घालतो. भारत म्हणजे आइसलँड नव्हे. आपल्या कोकणातले ऊन पाण्याचे झरे घ्या. त्यांतला सर्वांत गरम, उन्हवऱ्याचा, सत्तर अंशांच्या आसपास थांबतो. त्यावर मोठे वीजघर चालवण्याच्या गप्पा कोणी मारू नयेत. एवढे मान्य करूनही मुख्य युक्तिवाद टिकत नाही.

खासगी कंपनी येत नाही, यावरून नफा नाही हे सिद्ध होत नाही. पहिला धोका एकट्याने पत्करायला कोणी तयार नाही, एवढेच सिद्ध होते. दुष्काळी गावात पहिली बोअर मारणाऱ्याचे आठवा. कोरडी गेली तर पैसे त्याचे बुडतात आणि शहाणपण शेजाऱ्याला फुकट मिळते. पाणी लागले तर तोच शेजारी महिनाभरात बांधाला लागून बोअर घेतो. इथे तर एकेका खोल विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात. जागतिक बँक गटातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २०१३मध्ये जगभरच्या सुमारे २,६०० भूऔष्णिक विहिरींचा हिशेब मांडला. शोधाच्या टप्प्यात ५९ टक्के विहिरी यशस्वी ठरल्या होत्या आणि सगळे टप्पे धरून ७८ टक्के. म्हणजे सुरुवातीच्या दहांतल्या चार वाया जातात आणि पुढे गणित सुधारत जाते. नेमका हा सुरुवातीचा टप्पा संपेपर्यंत बँक दारात उभी करत नाही.

तेलाच्या बाबतीत आपण हेच अनुभवले आहे. १९५०च्या दशकात स्टॅनव्हॅक या अमेरिकी कंपनीने बंगालमध्ये विहिरी खणल्या (त्या प्रकल्पात आपल्या सरकारचीही भागी होती), त्या कोरड्या निघाल्या आणि कंपनीने गाशा गुंडाळला. १९५६मध्ये स्थापन झालेला तेल आणि नैसर्गिक वायू आयोग (आजची ओएनजीसी) मात्र शोधत राहिला. १९७४मध्ये त्याच्या ‘सागर सम्राट’ या खोदाई-जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि १९७६मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘खासगीवाले गेले, आपणही जाऊ’ असा व्यवहारी सल्ला तेव्हा ऐकला असता तर?

केनियाने तो ऐकला नाही. ओल्कारियात १९५०च्या दशकात खणलेल्या पहिल्या दोन विहिरी फसल्या होत्या. १९७०नंतर सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पैशाने पुन्हा खोदाई झाली. १९८१मध्ये १५ मेगावॉटचा पहिला संच चालू झाला. आज त्या देशाच्या विजेतला ४० टक्क्यांहून अधिक वाटा जमिनीखालून येतो. २००८मध्ये तिथल्या सरकारने एक कंपनीच काढली: विहिरी तिने खणायच्या आणि वाफ खासगी वीजघरांना विकायची. आइसलँडची युक्ती याहून साधी. सरकारी निधीतून खोदाईला कर्ज द्यायचे, आणि विहीर फसली तर ते माफ करायचे.

आता पुगा. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते, आणि पुग्याचे झरे ८४ अंशांपर्यंत तापलेले. म्हणजे जवळजवळ उकळतेच पाणी जमिनीतून वर येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकापासून तिथे ३४ विहिरी खणल्या. त्यांतली सर्वांत खोल किती? सुमारे ३८५ मीटर. ओल्कारियातल्या विहिरी एक ते तीन किलोमीटर जातात. २०२१मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासनाशी करार केला, २०२२मध्ये खोदाई सुरू झाली, पण गरम पाणी पुगा नाल्यात मिसळू लागल्याने काम थांबवावे लागले. त्यात निष्काळजीपणा असेल तर जाब जरूर विचारावा. पण ‘पन्नास वर्षांत काही निघाले नाही’ हा दाखला इथे लागूच होत नाही, कारण ज्या खोलीवर परीक्षा व्हायची तिथवर त्या ३४ विहिरींतली एकही गेली नाही. सरकारचा पैसा पुग्यात फसला नाही. तो अर्ध्या वाटेत थांबला.

राहिली स्वस्त सौर वीज. ती स्वस्त आपोआप झाली काय? २०१०मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा बोलीतले सरासरी दर युनिटला बारा रुपयांच्या घरात होते. ती महाग वीज औष्णिक केंद्रांच्या स्वस्त विजेत मिसळून सरकारने खपवली. डिसेंबर २०२०मध्ये गुजरातेत दर १ रुपया ९९ पैशांवर आला. पॅनेल जगभर स्वस्त झाले हे खरे, पण बाजार उभा राहीपर्यंतचा भार सार्वजनिक पैशानेच वाहिला. त्याच पैशाने वाढलेले पोर दाखवून धाकट्याला दूध नाकारणे, याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत. शिवाय पुगा ज्या चांगथांग पठारावर आहे तिथल्या हिवाळ्यात गरज रात्रीच्या उबेची असते. पॅनेल तेव्हा झोपलेले असते, गरम पाणी मात्र वाहतच असते.

म्हणून सरकारने डोळे मिटून थैली सोडावी असे नाही. अटी हव्यात: सांडपाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची सोय आधी, खोदाई नंतर, विहीर कोरडी गेली तरी तिची सगळी नोंद सर्वांना खुली, आणि किती विहिरींनंतर थांबायचे हे आधीच ठरलेले. केंद्राने २०२५मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. त्याची कसोटी पुग्यातच लागेल. तिथे दोन किलोमीटर खोल निदान तीन विहिरी सरकारी खर्चाने खणाव्यात. त्या कोरड्या निघाल्या, तर या लेखाच्या विरोधकांचे म्हणणे पुग्यापुरते मी मान्य करीन, तोवर नाही.