डांबरी रस्त्याच्या चुऱ्याचा पुनर्वापर

जुन्या डांबरी रस्त्याचा थर मिलिंग यंत्राने खरवडून, किंवा उखडलेले तुकडे क्रशरमध्ये दळून मिळणारी डांबराने माखलेली खडी पुन्हा बांधकामात वापरण्याची पद्धत. अभियंते या मालाला ‘रॅप’ म्हणतात. त्याच्या वजनात सुमारे ९५ टक्के खडी व कच आणि ४ ते ५ टक्के डांबर असते. म्हणजे एका टनात ४० ते ५० किलो डांबर शिल्लक राहते आणि या मालाचे खरे मोल त्या डांबरातच आहे.

महाराष्ट्रातील सोलापूरचे उदाहरण घेतल्यास, हा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर असल्याने काळ्या दगडाची येथे टंचाई नाही, त्यामुळे खडीची बचत प्रथमदर्शनी किरकोळ वाटते. परंतु प्रत्येक ब्रास खडीमागे सुरुंग, क्रशर, वाहतूक आणि शासनाचे स्वामित्वधन असा खर्च असतो, तर देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा वाटा आयात करावा लागतो. पुणे–हैदराबाद मार्गाचा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि धुळे–तुळजापूर–विजयपूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरात एकत्र येतात. यांपैकी दुसऱ्या महामार्गाच्या सोलापूर–विजयपूर टप्प्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये २५.५४ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १८ तासांत पूर्ण झाल्याची नोंद आहे. इतक्या झपाट्याने अंथरलेला थरही कालांतराने खरवडावाच लागतो, म्हणून या महामार्गांकडे पुढच्या काळातील खाण म्हणून पाहणे योग्य ठरते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या पुष्कळ वर जातो आणि रस्त्याचा काळा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अशा उष्णतेत डांबराचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्यातील तेलकट घटक घटतात आणि ते कडक व ठिसूळ बनते. म्हणूनच गरम मिश्रणात जुना माल जास्त प्रमाणात घालायचा असेल, तर व्हीजी-१० सारखे मऊ डांबर किंवा पुनरुज्जीवक तेल मिसळावे लागते. अमेरिकेतील प्रचलित पद्धतीत जुन्या मालाचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असल्यास डांबराची प्रत बदलत नाहीत. त्यापुढे मऊ प्रत निवडतात आणि २५ टक्क्यांनंतर जुन्या व नव्या डांबरांचे मिश्रण तपासून प्रमाण ठरवतात. हॉटमिक्स प्लांटमध्ये हा माल थेट ज्योतीसमोर आणत नाहीत, कारण त्यावरील डांबर जळून धूर होतो. नवी खडी नेहमीपेक्षा अधिक तापवून तिच्या उष्णतेनेच तो गरम करतात.

थंड पद्धतीत खरवडलेल्या मालात डांबराचे पायस किंवा फेसाळ डांबर मिसळतात. तापलेल्या डांबरात वजनाच्या २ ते ३ टक्के पाणी सोडले की त्याची वाफ होऊन डांबर अनेक पटींनी फुगते आणि काही क्षण खडीवर पसरण्याइतके पातळ होते. सोबत बहुधा १ टक्का सिमेंट घालतात. असा थर पायाचा असतो आणि त्यावर नवे डांबरी आवरण येते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार गाझियाबाद–अलिगढ महामार्गाच्या कामात थंड पुनर्वापर पद्धतीने ९० टक्के खरवडलेला माल वापरला गेला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १२० या २०१५ च्या पुस्तिकेत अशा पद्धतींविषयी शिफारशी आहेत.

जोडद्रव्याविना हा माल नुसता दाबून वापरण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त असल्याने साइडपट्टी, शिवारातील वाटा आणि आवारांसाठी तो सोयीचा पडतो. मुरुमापेक्षा त्यावर धूळ कमी उडते. मात्र खडीवर डांबराचा लेप असल्याने कण एकमेकांवर सरकतात आणि सततच्या भाराखाली, विशेषतः उन्हाळ्यात, थर हळूहळू खचतो. यासाठी त्यात नवी खडी मिसळणे इष्ट असते. सोलापूरच्या काळ्या मातीवर, जी पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते, असा थर टाकताना खाली मुरुमाचा भराव व पाण्याचा निचरा आवश्यक आहे. चांगल्या महामार्गाचा माल साइडपट्टीत गाडणे म्हणजे त्यातील डांबर फुकट घालवणे होय.

शहरात खरवडण्याचा आणखी एक लाभ असतो: जुन्या थरावर नवा थर चढवत राहिल्यास रस्ता उंच होऊन घरांचे उंबरे खाली जातात आणि पावसाचे पाणी दारात शिरते, ते खरवडल्यामुळे टळते.

या मालाची साठवण जपून करावी लागते. उंच ढीग उन्हात स्वतःच्या भाराने गोळा होऊन घट्ट बसतात, ओला माल तापवण्यास इंधन जास्त लागते आणि माती वा मुरूम मिसळल्यास डांबर खडीला नीट धरत नाही. वर्षाछायेतील सोलापूरचे कोरडे हवामान साठवणुकीला अनुकूल आहे. पत्र्याचे छप्पर आणि पक्का उतार दिल्यास माल पावसाळ्यातही कोरडा राहू शकतो.