शाहपूर जिल्ह्यातील सरकारी वळू-घोडे व घोडीपाल पद्धती

ब्रिटिश अंमलात पंजाबच्या शाहपूर जिल्ह्यात (सध्या पाकिस्तानातील सरगोधा व लगतचा प्रदेश) लष्करासाठी घोड्यांची पैदास करण्याकरिता सरकारी वळू-घोडे शेतकऱ्यांच्या घोड्यांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात येत. या व्यवस्थेला विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्याखालील जमिनीच्या देणगीची जोड देण्यात आली. अशी जमीन घेणारा शेतकरी मान्यताप्राप्त घोडी पाळण्यास बांधलेला असे. त्यास ‘घोडीपाल’ म्हणत. वळूसाठी शुल्क नव्हते, हे खरे. परंतु त्याची किंमत जमिनीच्या हक्कांतून वसूल होत गेली आणि या पद्धतीचा इतिहास मुख्यतः त्या वसुलीचा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमधील पुसा येथे अश्वपैदास केंद्र काढले. विल्यम मुरक्रॉफ्ट हा पशुवैद्य १८०८ मध्ये त्याचा प्रमुख झाला. उत्तम वळूंच्या शोधार्थ तो मध्य आशियापर्यंत गेला आणि १८२५ मध्ये त्या प्रवासातच मरण पावला. महाराष्ट्रातही कंपनीने शिरूरजवळ आलेगाव येथे असे केंद्र चालविले होते. गावाच्या ‘आलेगाव पागा’ या नावात घोड्यांची आठवण अद्याप टिकून आहे. ही केंद्रे खर्चिक ठरली. त्यांतून निघणाऱ्या घोड्यांच्या संख्येचा आणि खर्चाचा मेळ कधीच बसला नाही. १८७० नंतरच्या दशकात बंगालमधील केंद्रे मोडीत काढून सरकारने धोरण बदलले. घोड्या सरकारने पाळावयाच्या नाहीत, त्या शेतकऱ्यांनी पाळाव्यात. सरकारने केवळ चांगले वळू जिल्ह्याजिल्ह्यांतून ठेवावेत, असे ठरले. या कामाचे प्रमुखपद जे. एच. बी. हॅलन यांच्याकडे आले. हॅलन हे त्यापूर्वी गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते.

नव्या पद्धतीत वळू ठराविक ठाण्यांवर ठेवीत. अरबी, इंग्लिश थरोब्रेड आणि नॉर्फक ट्रॉटर या जातींचे घोडे यासाठी आणले जात. खेचरांच्या पैदाशीसाठी निवडक नर गाढवेही ठेवीत, कारण डोंगरी तोफखाना व लष्करी वाहतूक यांना खेचरांवाचून गत्यंतर नव्हते. ठाण्यावर वळूची निगा राखण्यासाठी मोतद्दार, चंदी व वैरण यांची सोय सरकारी खर्चाने असे. शेतकऱ्याची घोडी उंची, बांधा व निरोगीपणा पाहून अधिकारी पसंत करीत आणि तिला डाग देत. डाग दिलेल्या घोडीस वळू विनामूल्य मिळे. घोडी माजावर येण्याचा मुख्य काळ वसंतापासून उन्हाळ्यापर्यंतचा असून माज सु. तीन आठवड्यांनी पुन्हा येतो व पाच ते सात दिवस टिकतो. तेवढ्या दिवसांत तिला ठाण्यावर नेणे भाग असे. दिवस चुकला, तर पुढील माजापर्यंत थांबावे लागे. घोडीचा गर्भकाळ सु. अकरा महिन्यांचा असल्यामुळे एक हंगाम वाया गेला, तर वर्ष वाया जाई. नैसर्गिक संयोगाने प्रौढ वळू एका हंगामात सु. ४० ते ६० घोड्या फळवू शकतो आणि फळविलेली प्रत्येक घोडी गाभण राहतेच असे नाही. म्हणजे ठाण्यांची संख्या आणि त्यांचे गावांपासूनचे अंतर यांवरच पैदाशीचे यश अवलंबून होते. संयोगातून पसरणाऱ्या रोगांमुळे वळू व घोडी या दोहोंची तपासणीही आवश्यक असे.

ही पद्धती ऐच्छिक होती आणि तेच तिचे मर्म व तिची उणीवही होती. पंजाबात नांगर बैल ओढीत. उसाचा चरक आणि विहिरीवरील रहाट यांनाही बैल, रेडा वा उंट जुंपीत. घोडी ही प्रवासाची, लग्नकार्याची व प्रतिष्ठेची चीज होती. त्याच काळात न्यूझीलंड किंवा व्हिक्टोरिया येथील शेतकरी गावोगाव फिरविल्या जाणाऱ्या वळूसाठी पदरचे शुल्क देत असे, कारण त्यातून निपजणारा भारी घोडा त्याच्याच शेतात राबणार असे. शाहपूरच्या शेतकऱ्यास शिंगराचा असा उपयोग नव्हता. शिंगरू विकले गेले तरच त्याचा खर्च भरून येई. मोठे गिऱ्हाईक सैन्य हेच, आणि सैन्याला हवे तसे शिंगरू निपजले नाही तर ते पडेल किमतीस काढावे लागे. खेचराच्या पैदाशीविषयी तर अनेकांना मुळातच नावड होती. चांगल्या घोडीस गाढव दाखविणे कमीपणाचे मानले जाई.

दख्खनमध्ये भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळामुळे नावाजलेली होती. तेथेही सरकारी वळू ठेवण्यात आले. पण तेथील जमिनी पूर्वापार रयतेच्या कसणुकीत असल्याने घोडी पाळण्याच्या मोबदल्यात देण्यासारखे सरकारपाशी काही नव्हते. पंजाबात ते होते. चिनाब व झेलम या नद्यांमधील ‘बार’ म्हणून ओळखला जाणारा विस्तीर्ण चराऊ प्रदेश सरकारने आपल्या मालकीचा ठरविला होता. तेथे उंट व गुरे पाळणाऱ्या जमातींचे चराईचे हक्क त्यामुळे संपुष्टात आले होते, ही गोष्ट वसाहतींच्या वर्णनांत बहुधा ओझरती येते.

भारतीय सैन्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या ‘वेलर’ घोड्यांवर अवलंबून होते. समुद्रमार्गे होणारा हा पुरवठा युद्धकाळात खंडित होण्याची भीती होती. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने (१८९९–१९०२) घोड्यांची मागणी किती अचानक वाढू शकते हे दाखवून दिले. १९००-०१ मध्ये नेमलेल्या अश्व व खेचर पैदास आयोगाने निवडक जिल्ह्यांवर लक्ष केंद्रित करण्याची व नव्या कालवा-वसाहतींचा त्यासाठी उपयोग करण्याची शिफारस केली. त्यानुसार १९०३ मध्ये निवडक जिल्ह्यांतील काम मुलकी पशुवैद्यक खात्याकडून लष्करी रिमाउंट विभागाकडे, म्हणजे सैन्याला घोडे पुरविणाऱ्या खात्याकडे, देण्यात आले.

झेलम नदीवरील रसूल येथून निघणारा लोअर झेलम कालवा १९०१ मध्ये सुरू झाला होता आणि त्याच्या वसाहतीचे ठाणे असलेले सरगोधा हे शहर १९०३ मध्ये वसविण्यात आले. पुढे पंजाब व संयुक्त प्रांत यांचे गव्हर्नर झालेले मॅल्कम हेली हे त्या वेळी तेथे वसाहत अधिकारी होते. आरंभीच्या कल्पनेनुसार ही जमीन, चिनाब वसाहतीप्रमाणे, दाट वस्तीच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना साध्या अटींवर मिळावयाची होती. वसाहतीचे काम हाती घेतलेले असतानाच घोडी पाळण्याची अट पुढे आली. घरदार सोडून येण्यास निघालेल्या शेतकऱ्यापुढे, अट मान्य करावी किंवा जमीन सोडावी, एवढाच पर्याय उरला. मोना येथे रिमाउंट विभागाचे मोठे आगार उभे राहिले. निवडलेली शिंगरे तेथे नेऊन वाढवीत.

जमिनीचे माप ‘मुरब्बा’ या चौरसाने होई. एक मुरब्बा सु. २५ ते २८ एकरांचा (१० ते ११ हेक्टर) असे. एका घोडीमागे एकाहून अधिक मुरब्बे मिळत असल्याने घोडीपालाची जमीन साध्या वसाहतवाल्याच्या जमिनीपेक्षा मोठी असे, आणि शेतकरी या अटीकडे वळले ते त्यामुळेच. मोबदल्यात विभागाने पसंत केलेली घोडी सदैव बाळगणे, ती सरकारी वळूकडे नेणे, शिंगरे प्रथम विभागाच्या अधिकाऱ्यांना दाखविणे व घोडी मेल्यास दुसरी आणणे ही कर्तव्ये त्याच्यावर होती. कसूर झाल्यास दंड होई, आणि प्रसंगी जमीनही परत घेतली जाई. घोडी अशा रीतीने एक प्रकारचा खंडच झाली. मात्र हा खंड खात होता, आजारी पडत होता आणि कधीकधी वांझही निघत होता. घोडी नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर कुटुंबाची जमीन अवलंबून राहिली. अशा ठिकाणी कनिष्ठ नोकरांचे फावल्यावाचून राहत नाही.

सर्वांत खोल परिणाम वारसाहक्कावर झाला. पंजाबी शेतकऱ्यांच्या रूढीप्रमाणे बापाची जमीन सर्व मुलांत समान वाटली जाई. तशी वाटणी झाली, तर एका घोडीला पोसणारी जमीन दोनतीन पिढ्यांत तुकड्यातुकड्यांची होईल व घोडी कोणी पाळावी याचा निर्णय लागणार नाही, अशी सरकारची अडचण होती. म्हणून घोडीपालाची जमीन एकाच वारसाकडे, सामान्यतः ज्येष्ठ पुत्राकडे, जावी असा नियम करण्यात आला. धाकट्या मुलांनी त्याच शेतात कष्ट केलेले असले, तरी कायद्याने त्यांचा वाटा उरला नाही. इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांतील रूढी झेलमकाठच्या शेतकऱ्याच्या घरात शिरली.

वसाहतींतील असंतोष १९०७ मध्ये उफाळून आला. त्याचे तात्कालिक कारण वसाहतींविषयीचे १९०६ चे विधेयक व कालव्याच्या पाणीपट्टीतील वाढ हे होते आणि त्याचे केंद्र चिनाब वसाहतीतील लायलपूर (सध्याचे फैसलाबाद) येथे होते. लाला लजपतराय व अजितसिंग यांना मंडालेस हद्दपार करण्यात आले. विधेयकाला मात्र व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी संमती नाकारली. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशींस अनुसरून १९१२ चा कायदा झाला व साध्या शेतकऱ्यांना जमिनीची मालकी विकत घेण्याचा मार्ग मोकळा झाला. घोडीपालांना ही सवलत लागू करण्यात आली नाही. मालकी दिली की अट संपणार, हे उघड होते. एकाच आंदोलनाचे फळ शेजारच्या वसाहतीला मिळाले आणि झेलम वसाहतीतील घोडीपाल त्यास मुकला, ही विसंगती फारशी लक्षात घेतली जात नाही.

मोठ्या जमीनदारांची गोष्ट वेगळी होती. टिवाणा घराण्यासारख्या शाहपूरमधील सरदारांना अश्वपालनाची परंपरा व भरपूर जमीन दोन्ही होती. काल्रा येथील उमर हयात खान टिवाणा यांचे नाव या संदर्भात प्रसिद्ध आहे. अशांना घोडी पाळणे जड नव्हते व लष्कराशी असलेल्या संबंधांमुळे त्यांची प्रतिष्ठा वाढली. पुढे लोअर बारी दोआब कालव्याच्या (१९१३) वसाहतीतही अश्वपैदाशीसाठी जमिनी राखण्यात आल्या. तेथे रेनाला येथील व्हॅनरेनन यांच्यासारख्या यूरोपीय व्यक्तींना मोठी क्षेत्रे मिळाली, आणि ‘प्रोबिन्स हॉर्स’ या घोडदळ पलटणीच्या पैदास केंद्राचे गावही वसले.

पहिल्या महायुद्धात या घोड्यांचा व विशेषतः खेचरांचा उपयोग झाला. तथापि वेलर घोड्यांची आयात पूर्णपणे थांबविण्याइतकी पैदास झाली नाही. वळू चांगले असले, तरी घोड्या मध्यम प्रतीच्या होत्या, हे त्याचे एक कारण होय. शिवाय शेतकऱ्याच्या आवारात, दावणीला बांधून वाढलेल्या शिंगराला धावण्यास मोकळे कुरण मिळत नसे व त्याचा हाडापेर नीट भरत नसे. उत्तम ओलिताखालील एवढे मोठे क्षेत्र या कामासाठी गुंतविणे किफायतशीर होते काय, हा प्रश्न इतिहासकारांनी उपस्थित केला आहे व त्याचे उत्तर बहुतेक नकारार्थी येते. दोन महायुद्धांच्या दरम्यान घोडदळाची जागा मोटारी व रणगाडे घेऊ लागले. पण तेवढ्याने अट सुटली नाही. खेचरांची गरज डोंगरी सरहद्दीवर टिकून होती. १९४७ च्या फाळणीनंतर शाहपूर जिल्हा व मोना येथील आगार पाकिस्तानात गेले, वसाहतींतील हिंदू व शीख जमीनधारक भारतात आले, आणि हापूरजवळचे बाबूगढ व सहारनपूर येथील आगारे भारताकडे राहिली. मोना येथे पाकिस्तानी सैन्याने घोड्यांची पैदास पुढे चालू ठेवली.