दोष गुणसूत्रांचा की हवेचा?

‘जनुकीय प्रवणता’ हा शब्दप्रयोग आज वैद्यकाच्या परिभाषेत सहज वावरतो. कारखान्यातील विषबाधेच्या संदर्भात मात्र तो निरागस राहत नाही. बेंझीन या द्रावकाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८२५ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी बेंझीन प्रथम वेगळे केले. रबर विरघळविण्याच्या गुणामुळे उद्योगांनी ते आपलेसे केले. १८९७ मध्ये सान्तेसन या स्वीडिश वैद्यकाने उप्साला येथील सायकल-टायरच्या कारखान्यातील तरुण कामगार स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद केली. त्यांच्या अस्थिमज्जेने रक्त घडविणेच थांबविले होते. १९६० च्या दशकात बेंझीन हाताळणाऱ्यांच्या रक्तपेशींत तुटलेली गुणसूत्रे आढळू लागली. १९७४ मध्ये मुझफ्फर अक्सॉय यांनी इस्तंबूलमधील पादत्राणे बनविणाऱ्या कामगारांच्या रक्ताच्या कर्करोगाकडे जगाचे लक्ष वेधले.

परंतु एकाच छपराखाली तीच हवा घेणारे सारेच आजारी का पडत नाहीत? या स्वरूपाचा प्रश्न जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३८ मध्येच, कुंभारकामाच्या कारखान्यांतील श्वसनविकाराच्या निमित्ताने उपस्थित केला होता. बेंझीनपुरते त्याचे अंशतः उत्तर १९९७ मध्ये चीनमधील कामगारांच्या अभ्यासातून मिळाले. यकृतातील एक विकर बेंझीनचे अधिक घातक द्रव्यांत रूपांतर करते. एनक्यूओ-१ हे दुसरे विकर त्यांपैकी काहींना निष्प्रभ करते. ज्यांच्यात पहिले वेगवान होते आणि जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे दुसरे नव्हतेच, त्यांना विषबाधेचा धोका साडेसात पटींच्या आसपास आढळला.

हे ज्ञान मोलाचे आहे. प्रश्न त्याच्या उपयोगाचा आहे. ‘दुबळ्या’ जनुकांचा कामगार दाराबाहेर ठेवणे हे हवा शुद्ध करण्यापेक्षा स्वस्त पडते. नोकरी देताना जनुकीय माहितीचा असा वापर करण्यास अमेरिकेत कायद्याने प्रतिबंध झाला तो २००८ मध्ये.

वस्तुतः हवेविषयी पुरेसे ज्ञान फार पूर्वीपासून होते. बेंझीनचे पूर्णतः सुरक्षित प्रमाण शून्यच, असे अमेरिकी पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातच १९४८ मध्ये नमूद होते. तरीही कारखान्यांतील मर्यादा दशलक्ष भागांत दहावरून एक भागावर आणण्याचा १९७८ चा नियम त्याच उद्योगाच्या दाव्यावरून १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरला. ती मर्यादा १९८७ मध्ये लागू झाली. पुढे २००४ मध्ये त्याहूनही कमी प्रमाणात काम करणाऱ्या चिनी कामगारांच्या रक्तपेशी घटलेल्या आढळल्या.

‘प्रवण’ म्हणजे उताराचा. उतार असेल तर पाणी वेगाने वाहते हे खरे. पण पाणी ओतले कोणी, हा प्रश्न उताराच्या मोजमापाने सुटत नाही. प्रवणतेचा अभ्यास सर्वांत नाजूक देहाला सोसेल अशी हवा ठरविण्यासाठी व्हावा. तो देह वगळण्यासाठी झाला, तर उप्सालाच्या त्या स्त्रियांच्या मृत्यूचा दोष आपण त्यांच्याच रक्तावर ढकलू.