कर्ज फेडायला निघालेला प्रवासी

देशाटनाने माणूस शहाणा होतो, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले आहे. आम्ही शिक्षक मंडळी त्यावर निबंधही लिहून घेतो. मुले लिहितात, प्रवासाने ज्ञान वाढते, दृष्टी विशाल होते. पण ज्ञान वाढते म्हणजे नेमके काय होते, असा प्रश्न एकदा माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारला आणि मी गडबडलो. त्याला उत्तर म्हणून मी जी हकिकत सांगितली, तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेणच्या बाजूला वरसई नावाचे गाव आहे. तिथे विष्णुभट गोडसे नावाचे एक भिक्षुक राहात. जन्म १८२७ चा. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि मोठी दक्षिणा वाटली जाणार आहे. विष्णुभटांनी काकांना बरोबर घेतले आणि १८५७ च्या मार्च महिन्यात उत्तरेची वाट धरली. ना ज्ञानाची हौस, ना देश पाहण्याची. दक्षिणा मिळवावी, कर्ज फेडावे, जमल्यास काशीयात्रा पदरात पडावी, एवढाच हिशेब.

साल मात्र कोणते निवडले! अर्थात त्यांनी निवडले नव्हते. पुढे काय होणार हे कोकणातल्या भिक्षुकाला कुठून कळावे? महूच्या मुलखात पोचता पोचता त्यांना वाटेत शिपाई भेटले आणि लवकरच मोठा दंगा होणार, तुम्ही आल्या वाटेने परत जा, असे त्यांनी सांगितले. काका-पुतणे परत फिरले नाहीत. कर्ज घेऊन घरी परतण्यापेक्षा दंगा परवडला, असेच त्यांना वाटले असावे.

त्या काळी प्रवास म्हणजे काय, हे जरा ध्यानात घ्या. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली होती खरी, पण भोरघाटातून गाडी चढायला १८६३ साल उजाडावे लागले. वरसईचा माणूस हिंदुस्थानात जायचा तो पायी. मग असा माणूस शेकडो कोस कोणाच्या भरवशावर चालतो? इथे मराठ्यांच्या इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडते. धारला पवार, इंदूरला होळकर, ग्वाल्हेरला शिंदे, झाशीला नेवाळकर, ब्रह्मावर्ताला पेशवे. अठराव्या शतकात तलवारीच्या जोरावर जी मराठी घराणी उत्तरेत गेली, त्यांच्या आश्रयाने कारकून, भिक्षुक, वैद्य, सावकार अशी कितीतरी कुटुंबे तिथे स्थायिक झाली होती. वेदविद्या येणाऱ्या माणसाला त्या ओळखीवर गावोगाव पान वाढलेले मिळे. राज्ये खिळखिळी झाली होती, पण हा जेवणाखाणाचा आणि सोयरिकीचा धागा शाबूत होता. नकाशावर मराठी सत्ता कुठवर होती ते आपण मुलांना रंगवून दाखवतो. ती माणसांच्या रूपाने कुठवर पोचली होती, हे विष्णुभटांच्या पायवाटेवरून जास्त चांगले कळते.

ते झाशीला पोचले आणि तिथेच राहिले. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम, त्यांचा पोशाख, घोड्यांची पारख, दरबारातली वागणूक हे सारे त्यांनी जवळून पाहिले. मग १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजची फौज आली. वेढा पडला, तोफा सुरू झाल्या. तात्या टोपे मदतीस आले, ते बेतव्याच्या काठी १ एप्रिलला हरले. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून निघून गेल्या. हे आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत असते. विष्णुभट त्या दोन ओळींच्या आत अडकले होते.

घरे लुटली गेली, माणसे मारली गेली, गल्लोगल्ली प्रेते जाळावी लागली. हे दोघे जीव मुठीत धरून लपले. जमवलेली दक्षिणा गोऱ्या सोल्जरांनी काढून घेतली. विष्णुभटांनी आपली भीती कुठे लपवलेली नाही, याचे मला फार मोल वाटते. पुष्कळ वर्षांनी लिहायला बसलेला माणूस सहज स्वतःला थोडा शूर करून घेतो. यांनी ते केले नाही. आणि एवढ्या हलकल्लोळात त्यांचा जीव कशासाठी तुटला? झाशीच्या ग्रंथालयासाठी. जन्मभर पोथ्यांवर जगलेला हा माणूस. तिथल्या पोथ्यांची धूळधाण झालेली पाहून त्यांना जे दुःख झाले, ते त्यांनी वेगळे लिहून ठेवले आहे. बखरकाराने तोफा मोजल्या असत्या.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा दिसल्या. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी काढायला लावणे त्यांना बरे वाटेना. त्यांनी स्वतःच पाणी काढले. पुतळ्यातली राणी आणि ही राणी एकच आहे, पण ही आपल्याला विष्णुभटांनी दिली.

आता शिक्षकबंधूंना एक सांगायचे आहे. हा ग्रंथ, 'माझा प्रवास', डोळे मिटून खरा मानू नका. विष्णुभटांनी तो सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीवर लिहिला. इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह केला म्हणून १८८३ च्या सुमारास ते लिहायला बसले. त्यात त्यांनी पाहिलेले आहे तसेच ऐकलेलेही आहे. बंड का झाले हे सांगताना, इंग्रजांनी राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे पुढे ठेवली, अशी एक कथा ते देतात. अशी सभा झाल्याचे इतिहास मानत नाही. राणींच्या मृत्यूच्या वेळीही ते तिथे नव्हते. पण म्हणून चौऱ्याऐंशी कलमांची गोष्ट टाकून देऊ नये. ती घडली नसेल, पण लोक ती खरी मानून एकमेकांना सांगत होते, आणि लोकांच्या मनात काय होते हे कळायला सरकारी कागद पुरत नाहीत. वर्गात मुलांना एक पान द्यावे आणि यातले पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, ते निवडायला सांगावे. मी करून पाहिले आहे. मुलांना ते कोड्यासारखे आवडते.

प्रवासाने विष्णुभट अगदी वेगळे झाले, असेही म्हणवत नाही. जातीचा अभिमान, सोवळेओवळे, परमुलखातल्या चालीरीतींना नाक मुरडणे, हे सारे ते बरोबर घेऊन गेले आणि बरेचसे तसेच परत घेऊन आले. निबंधातली ती विशाल दृष्टी शोधायला गेलो तर निराशाच होईल. मात्र राजवाड्यापासून रस्त्यावरच्या प्रेतापर्यंत जे जे समोर आले, ते बघताना त्यांनी मान फिरवली नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हेच उत्तर दिले. त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

झाशीनंतरही त्यांची पुन्हा लूट झाली. तरी चित्रकूट, अयोध्या, काशी करून, तीनएक वर्षांनी, ते गंगेची कावड घेऊन वरसईला परतले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. धनाची कथा अशी पाण्यावर संपली.

पुस्तकाची कथा मात्र लांबली. इंग्रजी राज्यात हे छापणे धोक्याचे होते. विष्णुभट गेल्यावर, १९०७ साली, वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, तेही भाषा बदलून आणि काही मजकूर फिरवून. मूळ हस्तलिखित १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६ मध्ये जसेच्या तसे छापले. मधल्या काळात अमृतलाल नागरांनी हिंदी अनुवाद केला. इंग्रजी अनुवाद एकविसाव्या शतकात झाले. आपल्या गावच्या वाचनालयात प्रत असली तर ती १९०७ च्या पाठाची की १९६६ च्या, हे आधी पाहावे. दोन्ही मिळाल्या तर झाशीचे प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचावे.