सुयांवर घडणारी शिल्पे : सँड्रा बॅकलुंड यांचे विणकाम

स्वेटर म्हणजे थंडीपासून संरक्षण देणारे वस्त्र, एवढीच विणकामाची ओळख सर्वसाधारणपणे असते. स्वीडनच्या सँड्रा बॅकलुंड यांनी मात्र लोकरीच्या धाग्यातून जणू शिल्पेच घडविली. १९७५ साली उमिओ येथे जन्मलेल्या बॅकलुंड यांनी स्टॉकहोममधील बेकमन्स डिझाइन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि २००४ मध्ये स्वतःचा छोटा स्टुडिओ सुरू केला.

पद्धत

मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांत गुंफून कापड तयार होते; ते बेतून, कापून शिवावे लागते. सुयांवरच्या विणकामात एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकत जातात. टाके वाढवून वा कमी करून विणतानाच वस्त्राला आकार देता येतो, आणि चुकले तर उसवून तोच धागा पुन्हा वापरता येतो. बॅकलुंड यांच्या प्रयोगाचा पाया हाच आहे. आधी रेखाटन करून त्याबरहुकूम विणण्याऐवजी त्या छोटे छोटे घटक विणतात, त्यांची संख्या वाढवितात आणि शिंप्याच्या पुतळ्यावर किंवा स्वतःच्या अंगावर ते एकमेकांना जोडत जातात. मानवी शरीर हा या रचनेचा प्रारंभबिंदू. जाड लोकरीच्या घड्या, फुगवटे आणि वळ्या यांमुळे खांदा, कंबर यांची परिचित रूपरेषाच बदलून जाते.

मान्यता

फ्रान्समधील इएर येथील महोत्सवात २००७ साली त्यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि आंतरराष्ट्रीय फॅशनजगताचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. अँटवर्पच्या फॅशन संग्रहालयाने २०११ मध्ये विणलेल्या वस्त्रांवर भरविलेल्या प्रदर्शनातही त्यांच्या कामाचा समावेश होता.

वेळेचे गणित

कीर्तीबरोबर अडचणही आली. हाताने विणलेल्या अशा वस्त्राची खरी किंमत लोकरीपेक्षा वेळेत असते. मागणी दुप्पट झाली म्हणून हातांचा वेग दुप्पट होत नाही. त्यामुळे पुढे इटलीतील उत्पादकांच्या साहाय्याने त्यांनी यंत्रावर विणलेले कपडेही सादर केले.

यंत्राची झेप अर्थातच मोठी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र बनविले. जपानच्या शिमा सेकी कंपनीने १९९५ मध्ये संपूर्ण वस्त्र शिवणीविना विणणारे यंत्र जगापुढे आणले. परंतु यंत्राला काय विणायचे ते आधी सांगावे लागते. विणता विणता आकार शोधण्याची मुभा हातालाच असते. ही मुभा राखून व्यवसाय टिकविणे, हीच अशा छोट्या स्टुडिओंची खरी कसोटी आहे.