डिस्क-इंटरफेस (जुने) : वेगांची तुलना

संगणक आणि हार्ड डिस्क यांच्यात डेटाची ने-आण करणारी केबल, कंट्रोलर आणि त्या दोघांनी पाळायचे संकेतनियम मिळून डिस्क-इंटरफेस होतो. १९८० पासून सुमारे पंचवीस वर्षे एसटी-५०६, स्कझी आणि आयडीई (प्रमाणित नाव एटीए) ही त्याची मुख्य घराणी होती. प्रत्येकाच्या नावापुढे एक वेग छापलेला असतो. तो वाटेचा असतो, डिस्कचा नव्हे; तुलनेतला बराचसा घोळ इथे होतो. उरलेला घोळ एककांचा. एसटी-५०६ चा वेग सेकंदाला ५ मेगाबिट, पहिल्या स्कझीचा ५ मेगाबाइट. आठाने भागायचे राहिले की दोघे बरोबरीचे दिसू लागतात.

सर्वांत मंद अर्थात फ्लॉपी. साडेतीन इंची, १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी सेकंदाला ५ फेरे घेते. एका फेऱ्यात १८ सेक्टर, प्रत्येकात ५१२ बाइट. म्हणजे सेकंदाला ४५ किलोबाइट, आणि अख्खी फ्लॉपी वाचायला किमान ३२ सेकंद. कागदावर मात्र वेग ५०० किलोबिट, म्हणजे ६२.५ किलोबाइट आहे. मधला फरक ट्रॅकवरच्या खुणा आणि मोकळ्या सोडलेल्या जागा खातात.

एसटी-५०६ ही मुळात ५ मेगाबाइटची डिस्क. पुढे सीगेट झालेल्या शुगार्ट टेक्नॉलॉजीने ती १९८० मध्ये काढली. तिच्या जोडणीची पद्धतच त्या नावाने रूढ झाली. मिनिटाला ३,६०० फेरे आणि ट्रॅकवर १७ सेक्टर, या हिशेबाने सेकंदाला ५१० किलोबाइट मिळायला हवेत. आयबीएमच्या १९८३ च्या एक्सटी संगणकात मिळत होते त्याच्या सहाव्या भागाइतके, म्हणजे ८५. कंट्रोलर एक सेक्टर वाचून मेमरीत पोचवेपर्यंत पुढचे सेक्टर हेडखालून निघून जात, आणि हुकलेल्या सेक्टरसाठी पूर्ण फेरा थांबावे लागे. ते टाळायला लागोपाठच्या क्रमांकांचे सेक्टर तबकडीवर अंतर सोडून मांडत. यालाच इंटरलीव्ह म्हणतात. एक्सटीत तो सहाचा होता, म्हणून एक ट्रॅक वाचायला सहा फेरे लागत. १९८४ च्या एटी संगणकात तो तीनवर आला आणि वेग १७० किलोबाइट झाला. वाट तीच, वेग दुप्पट. इंटरफेसच्या आकड्यावरून हे कधीच कळले नसते. आरएलएल संकेतनाने ही वाट ७.५ मेगाबिटपर्यंत आणि ईएसडीआय या सुधारित इंटरफेसने १० मेगाबिटच्या पुढे नेली. पण तोवर नवी घराणी आली होती.

स्कझीचे पहिले प्रमाण १९८६ चे. पुढची वाढ दोन युक्त्यांनी झाली: घड्याळ दुप्पट करणे (फास्ट, १० मेगाबाइट) आणि आठऐवजी सोळा बिट एकदम पाठवणे (वाइड, २०). हीच चढण अल्ट्रा-३२० मध्ये ३२० मेगाबाइटवर पोचली. हा आकडा एका डिस्कसाठी नसून पंधरापर्यंत उपकरणांत वाटायचा असतो. एका डिस्कचे हेड जागा शोधत असताना ती बस (सामाईक वाट) सोडते आणि दुसरी बोलते. सर्व्हरवाल्यांनी बसच्या टोकांना लावायच्या टर्मिनेटरचा जाच सोसून पैसे मोजले ते यासाठी.

आयडीईत कंट्रोलर डिस्कवरच बसला, म्हणून ती स्वस्त. पीआयओ पद्धतीत प्रोसेसरला डेटा स्वतः उचलावा लागे: शून्य मोडला ३.३, चौथ्याला १६.७ मेगाबाइट. अल्ट्रा डीएमएने ही हमाली काढून घेतली आणि वेग ३३, ६६, १०० व १३३ असा चढला. ६६ पासून ८० तारांची पट्टी केबल लागे. पिना मात्र ४० च, कारण वाढलेल्या तारा शेजारच्या संकेतांची सरमिसळ रोखणाऱ्या ग्राउंडच्या होत्या. जुनी केबल लावली की संगणक मुकाट्याने ३३ वर उतरे. विंडोज एक्सपी तर वरचेवर चुका आल्या की एकेक पायरी खाली येत शेवटी पीआयओवर जाई, आणि दोष डिस्कच्या म्हातारपणाला मिळे.

१३३ च्या काळात तबकडीवरून सलग वाचन जेमतेम ४०-५० मेगाबाइटच्या वेगाने होई. जाहिरातीतला वेग डिस्कवरच्या छोट्या बफरपुरता. २००३ च्या सुमारास आलेल्या साटाचे (सिरियल एटीए) १.५ गिगाबिट आठाने नव्हे, दहाने भागायचे, कारण प्रत्येक बाइटसाठी दहा बिट जातात. उत्तर १५० मेगाबाइट. १३३ हून किरकोळ जास्त. खरा फायदा सात तारांच्या, मीटरभर नेता येणाऱ्या केबलचा.

विखुरलेल्या लहान फायली वाचताना हे सगळे आकडे गळून पडतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हेड हलवायला सुमारे ९ आणि अर्धा फेरा थांबायला ४ मिलिसेकंद लागतात. सेकंदात अशी ७५-७७ वाचने होतात. प्रत्येकी ४ किलोबाइट धरले तर जेमतेम ३०० किलोबाइट. एकेक वाचन संपवून पुढचे मागितले, तर अल्ट्रा-३२० वर आणि एटीए-३३ वर हा आकडा जवळजवळ सारखाच येतो.