कवच आणि लाज

चौदाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील स्खिडाम या गावी लिडविना नावाची एक किशोरवयीन मुलगी गोठलेल्या पाण्यावर पडली आणि तिची बरगडी मोडली. त्या दुखण्यातून ती आयुष्यभर सावरली नाही. १४९८ साली छापल्या गेलेल्या तिच्या चरित्रात या पतनाचे लाकडी ठशाचे चित्र आहे. स्केटिंगच्या सर्वांत जुन्या छापील चित्रांत त्याची गणना होते. पुढे हीच लिडविना स्केटिंग करणाऱ्यांची रक्षक संत मानली गेली. खेळाने आपला रक्षक म्हणून विजयी वीर निवडला नाही, तर पडलेली मुलगी निवडली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

बर्फावर संकटे दोन. एक, दगडासारखा टणक पृष्ठभाग. दुसरे, पायाखालचे धारदार पाते. पहिल्यासाठी शिरस्त्राण आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड. दुसऱ्यासाठी मानेचा पट्टा आणि सहजासहजी न कापले जाणारे कापड. उपाय इतके साधे असूनही ते अंगावर चढायला इतकी दशके का लागली? आइस हॉकीचा इतिहास पाहता आमच्या मते याचे उत्तर तंत्रात सापडत नाही. ते लाजेत सापडते.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माँट्रियलचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या तोंडावर चकती आदळली. सरावात तो मुखवटा वापरत असे. सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांना तो मान्य नव्हता. टाके घातल्यावर प्लांतने मुखवट्याशिवाय उतरायला नकार दिला. त्या काळी संघाकडे राखीव गोलरक्षक नसे, म्हणून ब्लेक यांना नमते घ्यावे लागले. माँट्रियलने तो सामना जिंकला आणि त्यानंतरही बरेच सामने संघ अपराजित राहिला. तेव्हा कुठे मुखवट्यावरचा भित्रेपणाचा शिक्का पुसट होऊ लागला. चेहरा वाचतो एवढे कारण पुरेसे ठरले नव्हते. विजयाची साक्ष काढावी लागली.

जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटाचा बिल मास्टरटन धडकेनंतर मागे कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. १५ जानेवारीला त्याचा मृत्यू झाला. तरीही उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगने हेल्मेट सक्तीचे केले ते १९७९ मध्ये, आणि तेही फक्त नवागतांना. आधीच व्यावसायिक करार केलेल्यांना सूट होती. उघड्या डोक्याने खेळणारा अखेरचा खेळाडू क्रेग मॅकटाविश १९९७ मध्ये निवृत्त झाला. ही तडजोड विचार करण्यासारखी आहे. धोका सर्वांना सारखा. पण जुन्यांचा अभिमान दुखवायचा नाही, आणि शहाणपण तेवढे पुढच्या पिढीने शिकायचे!

मानेच्या बाबतीत तीच कथा अधिक रक्तरंजित आहे. २२ मार्च १९८९ रोजी बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मलारचुक याची मान स्केटच्या पात्याने चिरली गेली. संघाच्या मदतनिसाने रक्तवाहिनी दाबून धरली म्हणून तो वाचला. १९९५ मध्ये स्वीडनचा बेंग्ट ऑकरब्लूम अशाच जखमेने दगावला, आणि त्यानंतर त्या देशात मानेचा पट्टा सक्तीचा झाला. इतर अनेक ठिकाणी तो ऐच्छिकच राहिला. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे ॲडम जॉन्सन मान कापली जाऊन मरण पावला. त्याच डिसेंबरात आंतरराष्ट्रीय महासंघाने वरिष्ठ स्पर्धांतही पट्टा अनिवार्य करण्याचे ठरवले. राष्ट्रीय हॉकी लीगने २०२५ च्या करारात २०२६-२७ पासून सक्ती मान्य केली. पुन्हा केवळ नवागतांना. १९७९ चा धडा जसाच्या तसा गिरवला गेला.

ही लाज बर्फाची नाही, रूढीची आहे. शॉर्ट ट्रॅक शर्यतीत हेल्मेट, मानेचा पट्टा, नडगीचे रक्षक आणि न कापला जाणारा पोशाख सर्वांनाच बंधनकारक असतो. पात्याची टोकेसुद्धा गोलसर केलेली असतात. तिथे कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही.

म्हणून कवच निवडताना आरशापेक्षा शरीराला विचारावे. हेल्मेट भुवयांच्या किंचित वर बसावे, मान हलवली तरी हलू नये. पट्ट्याने गळा सगळीकडून झाकावा, आणि त्याचे कापड धारेला टिकणारे असावे. नुसता फोम पाते अडवत नाही. कवचाची निगा राखणे हाही खेळाचाच भाग आहे. सरावानंतर सर्व साहित्य मोकळ्या हवेत वाळवावे. पाते कोरडे पुसून मऊ आवरणात ठेवावे. चालण्यासाठीचे कडक आवरण तसेच ठेवल्यास आत ओल राहून गंज चढतो. विरलेला पट्टा आणि जबर आघात सोसलेले हेल्मेट, बाहेरून धड दिसले तरी, टाकून द्यावे.

कर्णाची कवचकुंडले जन्मजात होती; ती धारण करण्याची त्याला लाज वाटण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याला मात्र कवच रोज, सर्वांच्या देखत, स्वतःच्या हातांनी चढवावे लागते. मास्टरटनपासून जॉन्सनपर्यंतचा इतिहास सांगतो तो एवढाच, की त्या एका क्षणाच्या संकोचाची किंमत फार मोठी आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.